त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या

विद्यार्थी मंडळाची जबाबदारी कॉलेजात कुणी मागून घेत नाही. स्टाफच्या बैठकीला जो उशिरा पोहोचतो, त्याच्या गळ्यात ती पडते. एका वर्षी तुळजापूरहून येणारी माझी बस वाटेत बंद पडली. मी धापा टाकत बैठकीत शिरले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. मीही वाजवल्या. मग शेजारच्या सरांना हळूच विचारलं, टाळ्या कशाबद्दल? ते म्हणाले, "तुमच्याबद्दल."

मी धाराशिवच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मंडळ माझ्याकडंच राहिलं, कारण नंतरच्या कुठल्याही बैठकीला कुणी उशिरा आलं नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, विद्यार्थी मंडळ म्हणजे गॅदरिंग. रांगोळी, फिशपॉन्ड, बक्षीस समारंभ आणि माईकची खरखर. ते असतंच. पण ते वर्षातून एकदा. बाकी वर्षभर मंडळाचं काम म्हणजे अडलेल्या पोराच्या शेजारी उभं राहणं. वर्गावर्गातून एकेक प्रतिनिधी घ्यायचा, त्यातून एक अध्यक्ष आणि एक सचिव. आमच्याकडं निवडणूक नव्हती, शिक्षकच मिळून नेमायचे. पोरांनी आपली अडचण यांना सांगायची, यांनी मला, मी प्राचार्यांना. वर जाताना गाऱ्हाणं सभ्य होत जातं आणि खाली येताना उत्तर लांबत जातं. मधल्या माणसाचं काम एवढंच, की या प्रवासात गाऱ्हाण्याचा जीव जाऊ द्यायचा नाही.

गाऱ्हाणी नाना तऱ्हेची यायची. एका पोराला मंडळाचं पत्र पाहिजे होतं, की कॉलेजच्या नाटकासाठी केस वाढवणं सक्तीचं आहे. नाटक कोणतं, म्हटलं तर तो म्हणाला, ते नंतर ठरवू, आधी वडलांना पत्र द्या. एका पोरीचं म्हणणं होतं की कँटीनच्या पोह्यांत शेंगदाणे मोजके पडतात आणि तेही पोरांच्याच बशीत. चौकशी केली, खरं निघालं. आणि लांबच्या गावांहून येणाऱ्या पोरींचं पहिलं प्रॅक्टिकल रोज बुडायचं, कारण सकाळची बस भरून यायची आणि फाट्यावर थांबायचीच नाही. ते प्रॅक्टिकल आम्ही दुपारी घ्यायला लावलं. त्यासाठी किती चकरा मारल्या ते लॅबचा जिनाच सांगेल. पण लागलं मार्गी.

आता बसवराजची गोष्ट सांगते. म्हणजे खरं तर दत्ताची. पण बसवराज असला की दुसऱ्याच्या गोष्टीतही आधी त्यालाच जागा द्यावी लागायची.

बसवराज जळकोटचा. हायवेवर किराणा दुकान, घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी, आणि तिन्ही भाषांत सारखाच न थांबता बोलायचा. तो अध्यक्ष झाला आणि कॉलेजात शांतता अशी राहिली नाही. पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, तर तो प्राचार्यांपुढं "तहान ही मानवाची आद्य गरज आहे" इथून सुरू झाला. प्राचार्यांनी झाकण त्याच दिवशी आणवलं. दुसऱ्या दिवशी तो टाकीच्या नळाबद्दल बोलायला येईल, अशी त्यांना धास्ती होती. पोरगा मनानं मात्र सोन्यासारखा. कुणाचं काही अडलं की याला घास गोड लागायचा नाही.

सचिव होती आफरीन. धाराशिवचीच. वडलांचं शिलाईचं दुकान. मापात कापड कापावं तसं बोलायची, इकडं एक बोट नाही की तिकडं एक बोट नाही. या दोघांना एका मंडळात बसवण्याची अक्कल कुणाची होती, ठाऊक नाही. ज्याची होती त्याला मी आजही मानते.

एक दिवस आफरीन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मॅडम, दत्ता येईना झालाय."

दत्ता तिच्याच वर्गात, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. सास्तूरचा. इथं पोरांबरोबर खोली करून राहायचा. अभ्यासात चांगला, झाडापेडांत जीव रमणारा. बोलताना अडायचा. शब्दाच्या उंबऱ्यावरच पाय अडकल्यासारखं व्हायचं आणि मान ताठ होऊन डोळे मिटायचे. वर्गात तो बोलायचाच नाही, त्यामुळं कुणाच्या ते फारसं ध्यानात नव्हतं.

झालं होतं असं. वनस्पतिशास्त्राला शेवटच्या वर्षी प्रत्येकानं सेमिनार द्यायचा असतो. म्हणजे एक विषय घेऊन वर्गापुढं उभं राहायचं, दहा मिनिटं बोलायचं, मग सर प्रश्न विचारतात. त्याचे गुण असतात आणि सेमिनार दिला नाही तर तो विषयच राहतो. दत्तानं विषय घेतला होता तुरीच्या मुळांवरच्या गाठींचा. या बारीक गाठींत जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन धरतात आणि झाडाला देतात. तो उभा राहिला आणि पहिल्याच शब्दावर अडला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. विभागप्रमुख माने सर म्हणजे शिस्तीचा माणूस, पण दुष्ट नाही. त्यांना त्याचे हाल बघवेनात. त्यांनीच तो शब्द बोलून टाकला, पुढचंही वाक्य बोलून टाकलं आणि म्हणाले, बस खाली, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात दत्ता आला नाही. त्याच्यानंतरही आला नाही. खोलीवरच्या पोरांनी सांगितलं, पिशवी भरून गावाकडं गेलाय.

आफरीननं हे मला सांगितलं तेव्हा बसवराज दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि मला कळलं की आता कॉलेज ऐकणार.

दुपारपर्यंत त्यानं गेटपाशी पोरं जमवली. दत्तावर अन्याय झालाय हे त्यानं तळमळीनं सांगितलं. मोबाईलवर 'दत्ताला न्याय' नावाचा ग्रुप निघाला, त्यात दुसऱ्या कॉलेजातली पोरंसुद्धा आली. ज्या पोराचं अडखळणं एका वर्गाला ठाऊक होतं, ते आता बसस्टँडपर्यंत पोहोचलं. ग्रुपमध्ये दत्तालाही घातलं होतं. तो लगेच बाहेर पडला आणि त्यानं फोन बंद करून ठेवला.

बसवराजला मात्र वाटलं, गावात रेंज नसेल. आफरीननं त्याला कोपऱ्यात घेतलं आणि काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, आणि ग्रुप त्यानं स्वतःच बंद केला.

पण गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हे. तो माने सरांकडं गेला आणि तासभर बोलला. सरांनी शेवटी सुटका म्हणून तोडगा काढला. दत्तानं सेमिनार लिहून द्यावा आणि त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी वाचावा. दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. बसवराज माझ्याकडं नाचतच आला. मॅडम, प्रश्न सुटला, आता सास्तूरला जाऊन त्याला सांगू.

आम्ही तिघं निघालो. लोहाऱ्याला बस बदलून सास्तूर गाठलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव. रस्ते रुंद आणि सरळ, घरं एकमेकांसारखी, त्यामुळं पत्ता विचारला की लोक बोटानं रांग दाखवतात. बसवराजनं रांगेतल्या पाच-सहा घरी चौकशी केली आणि प्रत्येक घरी थोडं बोलून आला. सोयाबीन निघालं होतं, रानात तूर उभी होती. दत्ता अंगणात बैलांना वैरण टाकत होता. आम्हाला पाहून त्यानं पेंढी खाली ठेवली आणि घराकडं बघितलं, जणू आत पळावं की काय.

त्याच्या आईनं सतरंजी टाकली. या बाई, बसा म्हणाली. चहा ठेवता ठेवता तिनं सांगितलं, की दत्ताच्या चुलतभावानं पुण्याला गोदामात काम बघितलंय. चांगलं काम आहे. तिथं बोलायचं काम नाही, असं त्यानं मुद्दाम सांगितलंय. हे सांगताना ती आमच्याकडं बघत नव्हती, स्टोव्हकडं बघत होती.

बसवराजनं खुशखबर दिली. लिहून दे, मी वाचतो. "आवाज कसाय माझा, तुला म्हाईतच हाय."

दत्तानं तोंड उघडलं. "म… मला—"

"मान्य हाय ना? मला वाटलंच."

दत्तानं मान हलवली. "न्हाय. म… मला—"

"माईक पायजे? माईकचं बघतो मी."

"बसू," आफरीन बसवराजला म्हणाली, "जरा बैलं बघून ये ना रे."

तो गेला नाही. पण त्यानं हाताचा पंजा स्वतःच्या तोंडावर ठेवला आणि तसाच बसून राहिला. मग दत्ता बोलला. हे बोलायला त्याला किती वेळ लागला ते मी इथं दाखवत नाही. दाखवलं तर वाचणारा पुढच्या ओळीवर उडी मारेल, आणि त्याची तक्रार नेमकी तीच होती.

तो म्हणाला, "मला माझं मीच बोलायचंय. पोरं हसली त्याचं एवढं न्हाय वाटलं. सरांनी माझा शब्द बोलून टाकला. त्यो शब्द येत हुता मला. निस्ता वाटंत हुता."

बसवराजनं पंजा काढला नाही. चहाचे कप ठेवत त्याची आई म्हणाली, "आमच्यात त्येला कुणी घाई करीत न्हाय बाई. त्यो बोलाय लागला की त्येचा बाप बी घास हातात धरून ऱ्हातो."

परतीच्या बसमध्ये बसवराज तुळजापूर फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. एवढा वेळ गप्प राहिलेला मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. बरं वाटत नाही का, म्हणून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, आपण त्येच्या वतीनं बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं?"

मला आधीची काही पोरं आठवली. वर्षाच्या मध्येच यायची बंद झालेली. कुणी म्हणायचं लग्न झालं, कुणी म्हणायचं कामाला गेला. त्यांच्यातल्या एखाद्यालाही असाच वाटेत असलेला शब्द नडला असेल का, हे विचारायला आता त्यांची नावंही हाताशी नाहीत. ती रुखरुख अजून आहे.

माने सरांकडं या वेळी आफरीन बोलणार असं ठरलं. बसवराज सोबत येणार, पण फक्त बसणार. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. हात मोकळे असले की तोंड सुटतं, असं त्याचं म्हणणं.

आफरीननं मागणी सांगितली. दत्ता स्वतः बोलेल. वेळेची अट नको. मधे कुणी शब्द पुरवायचा नाही, सरांनीसुद्धा नाही. वर्गानं बसायचं की नाही, ते दत्ता ठरवेल.

माने सरांचं म्हणणं सरळ होतं. नियम सगळ्यांना एकच असतो. आज एकाला जास्त वेळ दिला की उद्या सगळे मागतील.

"मागू द्या ना सर," आफरीन म्हणाली. "ज्याला लागेल त्याला द्या. ज्याला लागत नाही तो कशाला उभा राहील जास्त?"

सर जरा हसले. मग चष्मा काढून माझ्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, मी त्या दिवशी त्याला मदतच करत होतो."

मी म्हटलं, ते त्यालाही ठाऊक आहे. म्हणून तर तो तुमच्याशी भांडला नाही, गावाकडं गेला.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, प्राचार्यांना विचारून घ्या, माझी हरकत नाही. प्राचार्यांनी आत येणाऱ्यांत बसवराजला पाहिलं आणि विषय पुरता ऐकायच्या आतच होकार दिला. त्याचा त्या वर्षीचा सगळ्यांत झटपट विजय तो, आणि त्याला एक शब्दही खर्च करावा लागला नाही. त्यामुळं तो जरा हिरमुसलाच.

दत्ताला निरोप गेला. तो येईल की नाही याची खात्री कुणालाच नव्हती. पण ठरल्या दिवशी तो आला, हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं तुरीचं झाड, मुळासकट उपटलेलं. वर्ग बसू दे म्हणाला. आम्हालाही बसायला सांगितलं.

तो उभा राहिला. पहिल्याच शब्दाला मान ताठ झाली, डोळे मिटले. वर पंखा कुरकुरत होता. वर्गाला आफरीननं आधीच सांगून ठेवलं होतं, तरी ती शांतता सोसायला जड होती. माने सरांनी दोन्ही हात टेबलावर एकमेकांत गुंतवून धरले होते. बसवराजला शब्द ठाऊक होता, त्याचे ओठ हलायला लागले, तशी आफरीननं कोपर मारली. आणि मग शब्द आला. त्याच्या मागून दुसरा आला. काही शब्द सलग यायचे, काही मधेच थांबायचे, पण दत्ता थांबला नाही. त्यानं मुळं पाण्यात बुचकळून माती काढली, गाठी दाखवल्या, एक गाठ नखानं फोडून आतला गुलाबी रंग दाखवला. गुलाबी असली तर काम चालू आहे, राखाडी असली तर संपलं, असं त्यानं सांगितलं. पोरं बाकावरून उठून जवळ आली, कधी आली ते त्यांनाही कळलं नाही.

एवढ्यात बाहेर गलका सुरू झाला. पुढचा तास पहिल्या वर्षाचा होता, त्यांना हीच खोली हवी होती. त्यांचे सर दारावर टकटक करायला लागले. दत्तानं दाराकडं बघितलं आणि त्याचं वाक्य तुटलं.

बसवराज उठला. आम्हाला काही न सांगता बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं.

बाहेर त्यानं काय केलं ते नंतर कळलं. त्यानं व्हरांड्यातच जाहीर केलं, की विद्यार्थी मंडळ आज पहिल्या वर्षाच्या अडचणी जाग्यावर ऐकून घेणार आहे. एका पोरीनं सायकल स्टँडचं सांगितलं. त्यावर तो सायकलीच्या शोधापासून बोलला. मग दुसऱ्यानं ग्रंथालयाचं काढलं. मग तिसऱ्यानं. शेवटी त्यांच्या सरांनीच स्टाफरूममधल्या बंद पंख्याची तक्रार मांडली आणि बसवराजनं ती अत्यंत गंभीरपणे ऐकून घेतली. आत आमच्यापर्यंत फक्त एक लांबलचक गुणगुण येत होती. इतके दिवस ज्या बडबडीनं आमचं डोकं उठवलं, ती त्या दिवशी एखाद्या जाड भिंतीसारखी व्हरांड्यात उभी राहिली.

दत्ताचं बोलून झालं. माने सरांनी एक प्रश्न विचारला, पावसाची ओढ बसली तर या गाठींचं काय होतं. दत्ता अडला, बराच वेळ अडला. सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला आणि उत्तर येईपर्यंत पुसत राहिले. उत्तर आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "बरोबर."

पुढचं सांगून टाकते. दत्ता पास झाला, पुण्याच्या गोदामात गेला नाही. पुढं आणखी शिकला आणि आता बियाण्यांच्या कामात आहे. रोज शेतकरी येतात, विचारतात, तो सांगतो. तिथं दिवसभर बोलायचंच काम आहे. अजूनही अडतो. लोक थांबतात, न थांबणाऱ्यांना तो हात वर करून थांबवतो. आफरीन शिक्षिका झाली. बसवराज दुकानावर बसतो, आणि त्याच्याकडं साखर घ्यायला गेलेला माणूस वेळेवर घरी येत नाही, असं जळकोटचे लोक सांगतात.

पण मला त्या दिवशीचा चहा जास्त आठवतो. सेमिनार संपल्यावर आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर गेलो. पोरं दत्ताच्या पाठीवर थापा मारत होती. एकेक करून पांगली. आम्ही चौघंच राहिलो. बसवराजचा घसा बसला होता. तो बाकड्याच्या टोकाला बसून चहात बिस्कीट बुडवत होता आणि जरा नाराज दिसत होता.

"काय रे," मी म्हटलं, "जमलं की सगळं."

"जमलं हो मॅडम," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण मी व्हरांड्यात. त्या गाठीच्या पुढचं माझं समदंच ऱ्हायलं."

दत्तानं त्याच्याकडं पाहिलं. मग कप खाली ठेवला, पोत्यातून ते तुरीचं झाड पुन्हा बाहेर काढलं, बसवराजच्या समोर धरलं आणि पहिल्यापासून सांगायला लागला. 'नायट्रोजन'वर तो अडला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, टपरीवाल्यानं भांडं विसळून पालथं घातलं, तरी शब्द आला नव्हता. बसवराजच्या हातातलं बिस्कीट भिजून चहात पडलं.

त्यानं ते पडू दिलं, आणि वाट बघत राहिला.